संचलनाच्या धुनेपासून चेलोच्या एकांतापर्यंत : सर एडवर्ड एल्गर

सर एडवर्ड एल्गर यांचे नाव निघाले की बहुतेकांना आठवते ती संचलनाची एक भारदस्त धून. लंडनच्या प्रॉम्स संगीत महोत्सवाच्या अखेरच्या रात्री श्रोते झेंडे फडकावत ती गातात आणि अमेरिकेतील पदवीदान समारंभांत तिच्याच लयीवर विद्यार्थी सभागृहात प्रवेश करतात. ब्रिटिश साम्राज्याच्या वैभवकाळाचा अधिकृत आवाज ही या संगीतकाराची प्रतिमा त्या धुनेने घडवली आणि ती पुढे पुसली गेली नाही. २३ फेब्रुवारी १९३४ रोजी त्यांचे निधन झाले. त्यानंतर मात्र त्यांचे नाव जगभरच्या वाद्यवृंदांच्या कार्यक्रमपत्रिकांवर टिकवून ठेवण्यात ज्या रचनेचा वाटा फार मोठा आहे, ती या प्रतिमेशी मुळीच जुळत नाही. ई मायनर या स्वरपट्टीतील चेलो कॉन्चेर्टो ही ती रचना. जेमतेम अर्ध्या तासाची, बरीचशी हलक्या आवाजातली आणि पहिल्याच सादरीकरणात सपशेल फसलेली.

एल्गर यांचा जन्म २ जून १८५७ रोजी इंग्लंडमधील वूस्टर शहरालगतच्या लोअर ब्रॉडहीथ या खेड्यात झाला. वडील विल्यम हे पियानो सुरात लावण्याचे काम करीत आणि वूस्टरमध्ये वाद्ये व स्वरलिपींचे दुकान चालवीत. सात भावंडांत एडवर्ड चौथे. आई अ‍ॅन शेतमजुराच्या घरातली, पण वाचनाची विलक्षण आवड असलेली. तिने कॅथलिक पंथ स्वीकारला होता आणि प्रॉटेस्टंट इंग्लंडमध्ये ही गोष्ट मुलांच्या वाट्याला आयुष्यभराचे वेगळेपण घेऊन आली. दुकानदाराचा मुलगा, कॅथलिक, प्रांतिक आणि संगीताचे रीतसर शिक्षण नसलेला : त्या काळच्या इंग्रज समाजात यांपैकी एकेक गोष्टही वाट अडवायला पुरेशी होती.

पंधराव्या वर्षी शाळा सुटली. जर्मनीतील लाइपझिगला जाऊन शिकण्याचे स्वप्न पैशांअभावी स्वप्नच राहिले. काही काळ वकिलाच्या कचेरीत कारकुनी केल्यावर त्यांनी ती नोकरी सोडली आणि संगीतावर पोट भरण्याचे ठरवले. वडिलांच्या दुकानातील स्वरलिपी आणि संगीतशास्त्राची पुस्तके हेच त्यांचे विद्यापीठ. व्हायोलिनच्या शिकवण्या, चर्चमधील ऑर्गनवादन, मिळेल त्या वाद्यवृंदातील जागा, असे सगळे काही त्यांनी केले. १८७९ पासून पाच वर्षे ते पॉविक येथील मनोरुग्णालयाच्या वाद्यवृंदाचे प्रमुख होते. रुग्णालयाच्या कर्मचाऱ्यांमधून उभ्या राहिलेल्या या पथकात बासरी, क्लॅरिनेट, कॉर्नेट, युफोनियम, व्हायोलिन, पियानो अशी हाताला लागतील ती वाद्ये होती. त्यांच्यासाठी एल्गर नृत्याच्या चाली रचत. संगीत महाविद्यालयात न मिळणारे एक शिक्षण त्यांना येथे मिळाले. कोणते वाद्य कोणत्या पट्टीत दुबळे पडते, कोण कोणाला झाकून टाकते, कमी वादकांतून भरलेला आवाज कसा काढायचा, हे त्यांनी प्रत्यक्ष ऐकून जाणले. वाद्यांच्या मांडणीतील त्यांचे प्रभुत्व पुढे जगाने मान्य केले, त्याची मुळे बऱ्याच अंशी या विचित्र पथकात आहेत.

१८८४ मध्ये थोर चेक संगीतकार अँटोनिन ड्वोर्झाक वूस्टरच्या महोत्सवात आपल्या रचनांचे संचालन करण्यासाठी आले, तेव्हा व्हायोलिनवादकांच्या रांगेत सत्तावीस वर्षांचे एल्गर बसले होते. पुढे या दोघांनीही एकेक चेलो कॉन्चेर्टो लिहिला आणि दोन्हींचे पहिले सादरीकरण लंडनच्या क्वीन्स हॉल या एकाच सभागृहात झाले. ड्वोर्झाक यांचे १८९६ मध्ये, एल्गर यांचे १९१९ मध्ये.

एल्गर यांच्या आयुष्यातील भारताचा धागा त्यांच्या पत्नीकडून येतो. कॅरोलिन अ‍ॅलिस रॉबर्ट्स यांचा जन्म ९ ऑक्टोबर १८४८ रोजी कच्छमधील भूज येथे झाला. त्यांचे वडील हेन्री जी रॉबर्ट्स हे ईस्ट इंडिया कंपनीच्या मुंबई लष्करातील अधिकारी. १८५७ च्या उठावानंतर राजपुतान्यातील मोहिमेत ते होते आणि मार्च १८५८ मध्ये कोटा शहर त्यांच्याच सेनेने घेतले. या सेनापतीची मुलगी १८८६ मध्ये संगीत शिकण्यासाठी दुकानदाराच्या मुलाकडे आली. वयाने ती आठ वर्षांहून अधिक मोठी, स्वतः कादंबरी प्रसिद्ध केलेली लेखिका. नातेवाइकांचा विरोध पत्करून ८ मे १८८९ रोजी तिने एल्गर यांच्याशी विवाह केला.

अ‍ॅलिस यांनी आपले लेखन बाजूला सारले आणि पतीच्या कामाला स्वतःला वाहून घेतले. छापील संगीतकागद महाग पडत म्हणून साध्या कागदावर स्वररेषा आखून देण्यापासून ते मान्यवरांशी पत्रव्यवहार करण्यापर्यंत सर्व काही त्या करीत. एल्गर स्वभावाने कमालीचे हळवे, खिन्नतेकडे झुकणारे, अपमान न विसरणारे. त्यांच्या हातून काम करवून घेणे हे सोपे नव्हते. लग्नानंतर लंडनमध्ये बस्तान बसवण्याचा प्रयत्न फसला, १८९० मध्ये मुलगी कॅरिस जन्मली आणि वर्षभरात हे कुटुंब माल्व्हर्नच्या टेकड्यांजवळ परतून पुन्हा शिकवण्यांवर गुजराण करू लागले.

यश आले ते बेचाळिसाव्या वर्षी. १९ जून १८९९ रोजी लंडनमध्ये हान्स रिश्टर यांच्या संचालनाखाली ‘एनिग्मा व्हेरिएशन्स’ सादर झाली. एकाच मूळ स्वरावलीची चौदा रूपे, प्रत्येक रूप एकेका परिचिताचे शब्दचित्र काढावे तसे. पहिले अ‍ॅलिस यांचे, शेवटचे स्वतः एल्गर यांचे. बारावे चित्र बेसिल नेव्हिन्सन या हौशी चेलोवादक मित्राचे असून त्यात चेलोच पुढे येऊन बोलतो. या वाद्याविषयीची एल्गर यांची ओढ तेथे प्रथम स्पष्ट ऐकू येते.

पुढच्याच वर्षी त्यांना तालमीअभावी होणाऱ्या नाचक्कीचा पहिला अनुभव आला. कार्डिनल न्यूमन यांच्या काव्यावर आधारित ‘द ड्रीम ऑफ गेरॉन्शियस’ ही भव्य रचना ३ ऑक्टोबर १९०० रोजी बर्मिंगहॅममध्ये सादर झाली. स्वरलिपी गायकांच्या हाती उशिरा पडली होती, त्यातच गायकवृंदाच्या प्रशिक्षकाचे निधन झाले होते. गायकांना रचना पेलवली नाही. तिचे मोल पुढे जर्मनीतील ड्युसेलडॉर्फच्या श्रोत्यांनी जाणले आणि मगच इंग्लंडला ते पटले.

मग मात्र सन्मानांची रीघ लागली. १९०१ मध्ये ‘पॉम्प अँड सर्कमस्टन्स’ या संचलनमालेतील पहिली धून गाजली. सातव्या एडवर्डच्या राज्यारोहणासाठीच्या रचनेत तिच्यावर ए. सी. बेन्सन यांचे साम्राज्यस्तुतीचे शब्द चढले आणि ती जणू दुसरे राष्ट्रगीत झाली. १९०४ मध्ये सर ही पदवी मिळाली. १९०८ मध्ये मँचेस्टर येथे सादर झालेल्या पहिल्या सिम्फनीचे वर्षभरात सुमारे शंभर प्रयोग झाले. १९१० मध्ये फ्रिट्झ क्राइस्लर यांनी व्हायोलिन कॉन्चेर्टो वाजवला. दुसऱ्या सिम्फनीचे स्वागत १९११ मध्ये थंड झाले, पण त्याच वर्षी ‘ऑर्डर ऑफ मेरिट’ हा दुर्मीळ बहुमान मिळाला.

याच काळात त्यांच्या हातून भारतावरची रचना झाली. डिसेंबर १९११ मध्ये पंचम जॉर्ज मुंबईच्या अपोलो बंदरावर उतरले आणि दिल्ली दरबारात राजधानी कलकत्त्याहून दिल्लीला हलवण्याची घोषणा झाली. त्या सोहळ्याच्या निमित्ताने लंडनच्या कोलिझियम या रंगगृहाने ‘द क्राउन ऑफ इंडिया’ हा संगीतप्रवेश करवून घेतला. ११ मार्च १९१२ रोजी तो रंगमंचावर आला. त्यात भारतातील शहरे पात्ररूपाने अवतरतात आणि राजधानीच्या मानावरून दिल्ली व कलकत्ता यांच्यात वाद झडतो. मुघल बादशहांचे एक संचलनही आहे. एल्गर यांनी नुकतेच हॅम्पस्टेडमध्ये मोठे घर घेतले होते, त्यांना पैशांची गरज होती आणि पहिले दोन आठवडे त्यांनी दिवसातून दोनदा उभे राहून स्वतः संचालन केले. भारतीय संगीताचा त्यात मागमूस नाही. पत्नीचा जन्म भूजचा असला तरी भारत या संगीतकाराला कधी कळला नाही. दरबारी सजावटीपलीकडे त्याने त्या देशाकडे पाहिले नाही, हे भारतीय श्रोत्याने ऐकताना लक्षात ठेवायला हरकत नाही. ज्या साम्राज्याचे हे गुणगान होते, त्याच्या उतरणीला सुरुवात व्हायला तेव्हा अडीच वर्षेही उरली नव्हती.

१९१४ च्या महायुद्धाने एल्गर यांचे जग दुभंगले. त्यांना सर्वप्रथम मान देणारे रिश्टर मूळचे ऑस्ट्रिया-हंगेरीचे, गेरॉन्शियसला न्याय देणारे श्रोते जर्मन आणि प्रकाशनसंस्थेतील त्यांचे जिवलग मित्र ऑगस्ट येगर हेही जर्मनच. आता तो सारा देश शत्रू ठरला होता. संचलनाची धून सैन्यभरतीच्या सभांतून गाजत होती आणि तिच्या कर्त्याला तिच्यावर चढवलेल्या शब्दांचा बडेजाव खटकू लागला होता. प्रकृतीही ढासळत चालली. अखेर ससेक्स परगण्यातील फिटलवर्थजवळ जंगलाच्या कडेला असलेले ब्रिंकवेल्स नावाचे एक साधे घर त्यांनी भाड्याने घेतले. तेथे ते लाकडे फोडत, पिंपे तयार करण्याचे सुतारकाम करत. शांत रात्री खाडीपलीकडून फ्रान्समधील तोफांचा आवाज तेथवर पोहोचत असे.

मार्च १९१८ मध्ये लंडनमध्ये त्यांच्या टॉन्सिलवर शस्त्रक्रिया झाली. साठी ओलांडलेल्या माणसासाठी त्या काळी ती साधी गोष्ट नव्हती. रुग्णालयातून घरी येताच त्यांनी कागद-पेन्सिल मागितली आणि एक हेलकावणारी, उदास स्वरावली टिपून ठेवली. तिचे पुढे काय करायचे हे तेव्हा ठरलेले नव्हते. त्या उन्हाळ्यात व्हायोलिन सोनाटा, स्ट्रिंग क्वार्टेट आणि पियानो क्विंटेट या तीन रचना ब्रिंकवेल्समध्ये आकाराला आल्या. १९१९ च्या उन्हाळ्यात त्यांनी बाजूला ठेवलेली ती स्वरावली पुन्हा हाती घेतली आणि ऑगस्टपर्यंत चेलो कॉन्चेर्टो पूर्ण केला. फेलिक्स सॅमंड हे तरुण चेलोवादक ब्रिंकवेल्सला येऊन वादनाच्या दृष्टीने प्रत्येक जागा तपासून गेले. खूश झालेल्या एल्गर यांनी पहिल्या सादरीकरणाचा मान त्यांनाच दिला.

चेलो हे गुडघ्यांमध्ये धरून गजाने वाजवायचे चार तारांचे वाद्य. त्याचा आवाज पुरुषाच्या गळ्याच्या फार जवळ जातो आणि हीच त्याची अडचणही आहे. व्हायोलिन उंच स्वरांत असल्याने मोठ्या वाद्यवृंदावरून सहज तरंगत जाते. चेलोचे मधले-खालचे स्वर मात्र तुताऱ्या, हॉर्न आणि इतर तंतुवाद्यांच्या आवाजात बुडून जातात. एल्गर यांनी या अडचणीवर काढलेला तोडगा पॉविकच्या दिवसांची आठवण करून देणारा आहे. तीन ट्रॉम्बोन आणि ट्यूबासह मोठा वाद्यवृंद त्यांनी मंचावर बसवला, पण बहुतेक वेळ त्याला जवळपास गप्पच ठेवले. रचनेची सुरुवातच एकट्या चेलोच्या जड, तुटक स्वरसमूहांनी होते. त्यानंतर रुग्णालयातून परतल्यावर टिपलेली स्वरावली येते. ती प्रथम फक्त व्हिओला वाजवतात, खाली कसलाही आधार नसताना, आणि मग चेलो ती उचलतो. दुसऱ्या भागात एकाच स्वराची झरझर पुनरावृत्ती करणारी अस्वस्थ धावपळ आहे. तिसरा भाग अवघ्या साठ मात्राखंडांचा आणि त्यातला एक वगळता सर्वांत चेलो गातच असतो. चौथा भाग मोठ्या तोऱ्यात सुरू होतो. तो तोरा शेवटाकडे विरघळत जातो, तिसऱ्या भागाची आठवण मध्येच डोकावते, आरंभीचे जड स्वर परततात आणि काही क्षणांत सारे संपते. टाळ्यांसाठी वाजतगाजत उभारलेला शेवट येथे नाही.

अशा रचनेला तालीम किती लागते, याची कल्पना आपल्याकडच्या मैफलीवरून येत नाही. मैफलीत कलाकार समोरच्या साथीदाराचे ऐकून जागच्या जागी सावरून घेतो. वाद्यवृंदात सगळे स्वर आधी लिहिलेले असतात, पण प्रत्येक वादकासमोर केवळ त्याचा स्वतःचा भाग असतो, संपूर्ण रचना फक्त संचालकासमोर. नव्या रचनेत आपण नेमके कुठे बसतो, कुणासाठी आवाज दाबायचा, एकल वादक कुठे श्वास घेणार, हे तालमीशिवाय कळतच नाही. आणि येथे तर पूर्ण इमारत हलक्या आवाजावर उभी होती.

२७ ऑक्टोबर १९१९ रोजी क्वीन्स हॉलमध्ये लंडन सिम्फनी ऑर्केस्ट्राच्या हंगामाचा पहिला कार्यक्रम होता. कॉन्चेर्टोचे संचालन स्वतः एल्गर करणार होते. बोरोदिन, स्क्रियाबिन आणि वाग्नर यांच्या उरलेल्या रचना नवे संचालक अल्बर्ट कोट्स यांच्याकडे होत्या. कोट्स यांनी आपल्या रचनांची तालीम लांबवत नेली आणि एल्गर यांच्यासाठी राखलेला वेळ खाऊन टाकला. बासष्ट वर्षांचे, देशातील सर्वाधिक सन्मानित संगीतकार सभागृहात ताटकळत बसून राहिले. अ‍ॅलिस यांचा संताप त्यांच्या रोजनिशीत नोंदलेला आहे. रचना मागे घेण्याचा विचार एल्गर यांच्या मनात आला होता. महिनोन्‌महिने मेहनत केलेल्या सॅमंड यांच्याकडे पाहून त्यांनी तो बदलला. त्या रात्री वाद्यवृंद चाचपडला. समीक्षक अर्नेस्ट न्यूमन यांनी रचनेचा गौरव केला, पण इतक्या मोठ्या वाद्यवृंदाने स्वतःचे एवढे हसे क्वचितच करून घेतले असेल, अशा आशयाची टीकाही केली.

दोष एकट्या कोट्स यांच्यावर टाकणे सोयीचे असले तरी पुरेसे नाही. युद्धातून बाहेर पडलेल्या लंडनला नवे, भडक, चमकदार काही हवे होते आणि स्क्रियाबिनमध्ये ते होते. उत्तर रोमँटिक काळाची भाषा बोलणारा, साऱ्या वैभवाकडे पाठ फिरवून बसलेला हा म्हातारा त्या श्रोत्यांना कालबाह्य वाटला असल्यास नवल नाही. त्याच्या संगीतात ऐकू येत होता तो एका संपलेल्या जगाचा निरोप, आणि ते जग संपले हे मान्य करण्याची तयारी बहुतेकांची नव्हती.

या रात्रीनंतर साडेपाच महिन्यांच्या आत, ७ एप्रिल १९२० रोजी, फुप्फुसाच्या कर्करोगाने अ‍ॅलिस यांचे निधन झाले. लिटल माल्व्हर्न येथील दफनविधीत सॅमंड आणि त्यांच्या सहवादकांनी क्वार्टेटमधील संथ भाग वाजवला. एल्गर आणखी चौदा वर्षे जगले, पण त्यांच्या हातून पुन्हा कोणतीही मोठी रचना पूर्ण झाली नाही. ते कुत्री पाळत, घोड्यांच्या शर्यतींना जात, आपण संगीतातले कुणी नाही असे भासवत. १९२४ मध्ये ते राजाचे अधिकृत संगीतकार झाले. एक गोष्ट मात्र त्यांनी मनापासून केली : आपल्या रचनांचे ध्वनिमुद्रण. अनेक समकालीन संगीतकारांनी ग्रामोफोनला दूर ठेवले असताना त्यांनी त्याचे महत्त्व ओळखले. १९२८ मध्ये बिअ‍ॅट्रिस हॅरिसन यांच्या चेलोवादनासह त्यांनी हा कॉन्चेर्टो संपूर्ण ध्वनिमुद्रित केला. क्वीन्स हॉलमध्ये ऐकू आले नव्हते ते त्या तबकड्यांवर ऐकू येते. १९३२ मध्ये सोळा वर्षांच्या येहुदी मेन्युहिन यांच्यासोबत त्यांनी व्हायोलिन कॉन्चेर्टोही मुद्रित केला. बीबीसीसाठी घेतलेली तिसरी सिम्फनी मात्र टिपणांच्याच अवस्थेत राहिली. अखेरच्या आजारपणात मित्र विल्यम रीड यांच्याजवळ त्यांनी चेलो कॉन्चेर्टोची ती स्वरावली गुणगुणली आणि पुढे कधी माल्व्हर्नच्या टेकड्यांवर कुणी ही शीळ घालताना ऐकू आले तर घाबरू नको, तो मीच असेन, असे सांगितल्याची आठवण रीड यांनी नमूद केली आहे. अ‍ॅलिस यांच्याच शेजारी त्यांचे दफन झाले.

क्वीन्स हॉल मे १९४१ मध्ये जर्मन बॉम्बहल्ल्यात जळून गेला. त्या फसलेल्या रात्री वाद्यवृंदातील चेलोवादकांमध्ये एकोणीस वर्षांचा एक मुलगा बसला होता. जॉन बार्बिरोली त्याचे नाव. वर्षभराने बोर्नमथ येथे त्याने स्वतःच हा कॉन्चेर्टो वाजवला आणि नंतर चेलो सोडून तो विख्यात संचालक झाला. ऑगस्ट १९६५ मध्ये लंडनच्या किंग्जवे हॉलमध्ये, त्याच लंडन सिम्फनी ऑर्केस्ट्रासमोर उभे राहून सर जॉन बार्बिरोली यांनी वीस वर्षांच्या जॅकलिन दु प्रे यांच्यासह त्याचे ध्वनिमुद्रण केले. ही तबकडी जगभर खपली आणि एल्गर यांचा चेलो प्रथमच अशा घरांत पोहोचला, जेथे त्यांच्या संचलनाशी कुणाला देणेघेणे नव्हते.

दु प्रे यांनी लंडनमध्ये ही रचना अखेरची वाजवली ती फेब्रुवारी १९७३ मध्ये. न्यू फिलहार्मोनिया ऑर्केस्ट्राच्या संचालकाच्या जागी तेव्हा मुंबईत जन्मलेले, बॉम्बे सिम्फनी ऑर्केस्ट्राचे संस्थापक मेहली मेहता यांचे पुत्र झुबिन मेहता होते. दु प्रे यांच्या बोटांतील संवेदना त्या वेळी हरपू लागली होती. कारण अद्याप कुणालाच ठाऊक नव्हते. त्याच वर्षीच्या ऑक्टोबरमध्ये मल्टिपल स्क्लेरोसिस या मज्जासंस्थेच्या आजाराचे निदान झाले. चेलो त्यांना पुन्हा मंचावर वाजवता आला नाही.